सुहेनीचं उंबाक

१

बातु लेंगे गावच्या कापडगल्लीत एक नेम आहे आणि तो मोडायची कुणाची छाती नाही. सकाळचं पहिलं गिऱ्हाईक रिकाम्या हाती परत जाऊ द्यायचं नाही. तोटा सोसा, हातापाया पडा, पण भवानी करा. मग ती पहिली नोट दुकानातल्या एकेका कापडावरून फिरवायची, म्हणजे उरलेला मालही उठतो. ज्याचं पहिलं गिऱ्हाईक तसंच गेलं त्याचा दिवस गेला, आणि शेजाऱ्याचाही बाटला. म्हणून सकाळी सकाळी सगळी गल्ली एकमेकींच्या दुकानांवर डोळ्यांत तेल घालून बसलेली असते.

इनाक सुहेनीची भवानी चार दिवस झाली नव्हती. इनाक म्हणजे आई. लोम्बोक बेटावरच्या आम्हा सासाक लोकांत बाईला पहिलं मूल झालं की तिचं स्वतःचं नाव गळून पडतं. ती अमक्याची आई होते आणि मरेपर्यंत तीच राहते. नवरा अमक्याचा बाप, सासू अमक्याची आजी. सहा वर्षांत तिला दुसऱ्या कुठल्या नावानं कुणी हाक मारली नव्हती.

सुहेनी सव्वासहा वर्षांची होती. पुढचे दोन दात पडलेले, आणि बोलायला लागली की ऐकणाऱ्याचे कान किटतील अशी. परदेशी पाहुण्यांची बस थांबली की ही सगळ्यांच्या पुढे. "मॅडम, बघायला पैशे नाही! हात लावायला पण पैशे नाही!" गल्लीतल्या बाया हसून बेजार व्हायच्या. त्या आठवड्यात मात्र पोरीला ताप होता. आदल्या रात्री उतरला होता, तरी अंगात त्राण नव्हतं, म्हणून आईनं तिला दुकानात मागं चटईवर निजवलं होतं, तिच्या उंबाकात गुंडाळून.

उंबाक म्हणजे मूल कडेवर बांधायचं कापड. मूल झालं की आजी ते मागावर बसून विणते, काळ्या-तांबड्या पट्ट्यांचं. आमच्या मागावरून कापड उतरतं ते बांगडीसारखं गोल, त्याला टोक नसतं. एक वीतभर जागा विणायची राहिलेली असते, तिथं नुसते ताणे, म्हणजे उभे दोरे, दिसतात. विकायच्या कापडाचे ते ताणे कापायचे, गाठी मारायच्या, झाल्या काठाच्या दशा. उंबाकाचे कापत नाहीत. मुलगी लग्नाची झाली की तिची आजीच कापते, चार माणसं बसवून, दुवा म्हणून. त्याआधी का कापायचं नाही, हे कुणी विचारत नाही. विहिरीत का थुंकायचं नाही, हे तरी कोण विचारतं?

२

बसगाड्या यायच्या आधीच एक म्हातारी आली. गोरी, साठीच्या पुढची, डोक्यावर गवताची टोपी. बरोबर वाटाड्या नाही, गळ्यात कॅमेरा नाही. बाजारात लागते तेवढी भाषा तिला येत होती.

इनाक सुहेनीनं एकामागून एक कापडं उलगडली. निळं दाखवलं, सोनेरी जरीचं दाखवलं, पालींची नक्षी असलेलं दाखवलं. म्हातारी मान हलवत होती. मग तिची नजर मागं गेली. पोरगी उठून बसली होती, केस विस्कटलेले, आणि उंबाक तिच्या मांडीवरून घसरून पडलं होतं.

"ते," म्हातारी म्हणाली.

"ते विकायचं नाही, बाई. ते माझ्या लेकीचं आहे. जुनं आहे, डाग पडलेत त्याला."

म्हातारी वाकली, तिनं ते उचललं आणि नाकाशी धरलं. तान्ह्याच्या टाळूचा वास घ्यावा तसा तिनं त्याचा वास घेतला. मग पर्समधून एक लाखाच्या पाच नोटा काढल्या. पाच लाख रुपिया! तसलं कापड नवं विणून पाऊण लाखाला पडून राहतं.

"नाही हो, खरंच नाही," इनाक सुहेनी म्हणाली. पण ते तिलाच ठामपणे म्हणता आलं नाही.

म्हातारीनं घासाघीस केली नाही. उंबाक नीट घडी करून परत ठेवलं, हात जोडले आणि निघाली. समोरच्या दुकानातली इनाक केसुम धडपडत उठली.

"अगं ए सुहेनीच्या आई! पहिलं गिऱ्हाईक चाललं की गं! चार दिवस तू माशा मारतेयस, आता आम्हालाही मारायला लावतेस का?"

इनाक सुहेनीच्या डोक्यात काय काय आलं ते तिला पुढं कित्येकदा आठवत राहिलं. सोमवारी शाळा सुरू. गणवेश नाही, दप्तर नाही. नवरा मलेशियात पामतेलाच्या मळ्यावर, तीन महिने त्याच्याकडून काही नाही. आणि कापडच तर आहे. कापायचं नाही एवढंच ना? न कापता दिलं तर ते जगात कुठंही असलं तरी अखंडच राहील. सासू आठवड्यात दुसरं विणेल. तिनं हाक मारली, "बाई! थांबा. घ्या."

आता हातांची गोष्ट ऐका. माणसाचे हात बारा वर्षं एकच काम करत असले की ते धन्याला विचारत नाहीत. कापड विकलं की ते मांडीवर ओढायचं, रिकामी वीत शोधायची, कात्री घालायची. रोजचं. तिचं लक्ष त्या पाच नोटांवर होतं. कर्र असा आवाज झाला तेव्हा तिनं खाली पाहिलं. कात्री अर्ध्यावर गेली होती.

तिनं हात आवरला. पण अर्धं कापलेलं आणि पूर्ण कापलेलं यांत फरक तो काय? म्हातारीनं कात्रीखाली ओंजळ धरली होती. तुटलेल्या दोऱ्यांचे तुकडे ती वेचून घेत होती, एकही खाली पडू देत नव्हती. "पुढं," ती हलकेच म्हणाली.

उरलेले ताणे एकदम तुटले. मागं चटईवर पोरगी काहीतरी गुणगुणत होती, ती गप्प झाली.

३

म्हातारी गेल्यावर इनाक सुहेनीनं नोट सगळ्या कापडांवरून फिरवली. शेवटी ती लेकीच्या डोक्यावरूनही फिरवायची, गंमत म्हणून, आणि लेक ओरडायची, "मी नाही विकायची!" आज लेक ओरडली नाही. तिनं मान जरा बाजूला घेतली, एवढंच. अशक्तपणा आहे, आईनं मनात म्हटलं.

इनाक केसुम पानाचा डबा घेऊन आली. "झाली ना एकदाची भवानी? चांगलं झालं हो, सेनिम."

इनाक सुहेनीनं चमकून पाहिलं. सेनिम हे तिचं नाव होतं, लग्नाआधीचं.

"आज काय लाडात आलीस, केसुमची आई? नावानं हाक मारतेस ती?"

"मग काय आजी म्हणू तुला?" इनाक केसुम हसली. सुपारी कातरता कातरता तिनं चटईकडं बोट केलं. "आणि ही पोरगी कुणाची गं? केव्हापासून बसलीय तुझ्याकडं. चेहरा उतरलाय बिचारीचा. हिच्या आईला काही काळजी?"

इनाक सुहेनीला वाटलं, ही टोमणा मारतेय. आजारी पोरीचं कापड विकलं म्हणून सरळ न बोलता आडून बोलतेय. या केसुमच्या आईची जीभ तशीही तिखटच. रागानं तिचं तोंड लाल झालं. "माझी पोर मी सांभाळीन!" ती फाडकन म्हणाली.

इनाक केसुमचा अडकित्ता थांबला. तिनं एकदा पोरीकडं आणि एकदा हिच्याकडं पाहिलं, आणि तिच्या डोळ्यांत जे आलं तो टोमणा नव्हता. ती कीव होती. "बरं बाई," ती मऊ आवाजात म्हणाली. "होईल हो तुलाही. देवाच्या मनात असलं की होईल."

४

दुपारी ती पोरीला घेऊन गणवेशाच्या दुकानात गेली. दुकानदार ओळखीचा, पोरीला येता-जाता साखरेची गोळी द्यायचा. आज त्यानं टेप गळ्यात अडकवून विचारलं, "कोणाच्या घरची?"

"काका, थट्टा नका करू. सुहेनी आहे."

"नाव गोड आहे. पण आईला घेऊन या. माप वाढतं घ्यायचं की नेमकं, ते ज्याचं त्यानं ठरवावं. उगाच परक्याच्या पोराचा कपडा फाडला की माझ्याच डोक्याला ताप."

"मीच आई आहे हिची!"

दुकानातल्या दोन बाया वळून बघायला लागल्या. दुकानदारानं टेप काढून ठेवली आणि खाली वाकून पोरीला विचारलं, "बाळ, ही कोण तुझी?"

सुहेनीनं आईकडं बराच वेळ पाहिलं. एखादा शब्द जिभेवर यावा आणि येऊ नये, तसं तिचं तोंड अर्धवट उघडं राहिलं. "कापडवाली," ती म्हणाली.

बाया हसल्या. इनाक सुहेनीही हसली, कारण दुसरं काय करणार? रस्त्यात तिनं पोरीला खसकन ओढलं. "असं म्हणतात का गं आईला?" पोरगी रडली नाही. तापात मुलं बरळतात, नंतर दोन दिवस डोकं जड असतं, हे सगळ्यांना ठाऊक आहे. आणि दुकानदार म्हातारा झालाय. आणि केसुमची आई मुळातच आगाऊ. तीन गोष्टींची तीन कारणं झाली. पण घरी पोचेपर्यंत तिनं पोरीचं मनगट सोडलं नाही.

५

सासू ओसरीवर मागाला बसली होती. पाठीमागं लाकडी फळी, कमरेला पट्टा, ठक ठक ठक. सगळं नेहमीचं. इनाक सुहेनीला इतकं बरं वाटलं की ती कबुलीच द्यायला निघाली. सासू चिडेल, दोन शिव्या घालेल, मग उपाय सांगेल. तुटलेलं जोडायचाही काहीतरी मंत्र असेलच की.

"आत्याबाई, माझ्या हातून चूक झाली. उंबाक कापलं गेलं."

"कुणाचं?"

"सुहेनीचं. तुम्ही विणलेलं."

ठक ठक थांबली. सासूनं डोळे बारीक करून तिच्याकडं पाहिलं. "मी कधी विणलं गं? किती वर्षं झाली, तांबडं सूत रंगवून पेटीत ठेवलंय. तू बातमी दिलीस की बसेन. तू देतेयस कुठं!" मग तिला पोरगी दिसली आणि सुरकुतलेला चेहरा खुलला. "अगंबाई, ही कुणाची? ये ये. भात खाशील? हिच्या घरी सांगितलंयस ना, सेनिम? आई शोधत असेल."

इनाक सुहेनीनं पोरीला तिच्या मांडीवर अक्षरशः लोटलं. "नीट बघा! तुमच्याच हातावर झाली ही! दाई पोचली नव्हती, तुम्ही नाळ कापलीत! सांगा ना!"

सासूनं पोरीला गोंजारलं, केसांतून हात फिरवला. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण ते सुनेसाठी. "असं करू नये, बाई," ती म्हणाली. "मला कळतं तुझं. पण दुसऱ्याच्या लेकराला असं धरून ठेवू नये. पाप लागतं."

संध्याकाळच्या नमाजानंतर नवऱ्याचा फोन आला. तीन महिन्यांनी. तिनं पहिला शब्द काढला तो, "सुहेनीचे बाबा." पलीकडं मळ्यावरच्या जनरेटरची घरघर ऐकू येत राहिली.

"कोणाला फोन लावायचा होता तुला?" तो हसत म्हणाला. "लावलाय तर मीच. अगं सेनिम, ऐक. दोन वर्षं काढतो अजून, मग येतोच. मग आपलंही काहीतरी होईल. रडतेस कशाला वेडे?"

जेवायला सासूनं तीन ताटं मांडली. तिसरं पाहुणीचं म्हणून मातीचं नाही, काचेचं. नाळीची पालेभाजी, सुकी मासळी, मिरची. सुहेनीनं सगळं गुपचूप खाल्लं आणि ताट स्वतः उचलून ठेवलं. घरची पोर कधी उचलायची नाही.

६

पहाटे ती न्हाणीत गेली. अंगावर पाणी ओतलं आणि मनात एक विचार आला तशी तांब्या टाकून ती थांबली. बाळंतपणात तिचं पोट फाटल्यासारखं झालं होतं, बेंबीखाली वळ उठले होते. ते कधी गेले नाहीत. ती लाजायची त्यांना.

तिनं हात फिरवला. मग पुन्हा फिरवला, दाबून. कातडी गुळगुळीत होती.

अंधार आहे, ती स्वतःला म्हणाली. हात ओले आहेत, गार पडलेत, बोटांना काय कळणार! कंदील आणायला ती दारापर्यंत गेली आणि परत आली. कंदील आणला नाही.

पण त्यानंतर मात्र ती क्षणभरही थांबली नाही. चौकातल्या मोटारसायकलवाल्याला उठवलं. काल त्यानंच त्या म्हातारीला सोडलं होतं.

"बंदरावरच्या खानावळीत उतरलीय. आज आठच्या बोटीनं जाणार म्हणत होती," तो जांभई देत म्हणाला. "लई जपून बसली होती हो गाडीवर. खड्डा आला की म्हणायची, हळू, हळू."

इनाक सुहेनीनं पाचही नोटा पदराला बांधल्या. एकही खर्चली नव्हती. त्याच्या गाडीवर पोरीला पुढं बसवलं, मागून घट्ट धरलं. वाटभर ती तिच्या कानात बोलत होती. "तुझं नाव सुहेनी. तुझे दात मी छपरावर टाकले. तुला कारलं आवडत नाही. तू बसमधल्या पाहुण्यांना काय म्हणतेस? म्हण ना एकदा. बघायला पैशे नाही." वारा जोराचा होता. पोरीचं अंग तिच्या हातात ताठ राहिलं, अनोळखी माणसाच्या गाडीवर बसल्यासारखं.

७

बंदरावर बोट लागलेली होती. लोक चढत होते, कोंबड्यांच्या टोपल्या, दुचाक्या, गाठोडी. इनाक सुहेनी गर्दीत घुसली आणि कठड्यापाशी तिला गवताची टोपी दिसली.

म्हातारी वरच्या मजल्यावर उभी होती. तिनं उंबाक गळ्यात घातलं नव्हतं. कापलेली दोन्ही टोकं जोडून डाव्या खांद्यावर गाठ मारली होती, आमच्या बायका उंबाक अडकवतात तिथंच, आणि कापड खाली कमरेपाशी भरून लोंबत होतं. रिकामं कापड तसं लोंबत नाही. ती टाचांवर हलत होती, या पायावरून त्या पायावर, आणि हातानं खालून थोपटत होती.

"बाई!" इनाक सुहेनीनं नोटा वर धरल्या. "घ्या तुमचे पैसे! माझं मला द्या! हवं तर दुकान घ्या सगळं! बाई!"

म्हातारीनं खाली पाहिलं. ओळखलं, चेहऱ्यावर राग नव्हता. तिनं बोट ओठांवर ठेवलं, झोप मोडू नये म्हणून आपण ठेवतो तसं. तेवढ्यात कापडाच्या घडीतून बारीकसं काहीतरी बाहेर आलं, आणि तिनं ते सवयीच्या हातानं अलगद आत सारलं.

इनाक सुहेनीनं ते काय होतं ते पाहिलं की नाही, कोण जाणे. तिच्या तोंडून आवाज निघाला तो ओरडण्यासारखा नव्हता. ती बोटीवर चढायच्या फळीकडं धावली. बोटीवरच्या माणसानं हात आडवा घातला.

"तिकीट?"

"वर जाऊन येते, दोन मिनिटं. माझं कापड आहे तिच्याकडं!"

"तिकीट नाही तर मागं व्हा, बाई. सुटायची वेळ झाली. आणि या पोरीला आवरा, पाण्यात पडेल. कुणाची आहे ही? हिच्याबरोबर कोण आहे?"

"मी आहे," ती म्हणाली. पण तिचं तिलाच ते खोटं वाटलं. त्या माणसालाही वाटलं असावं. तेवढ्यात कुणीतरी हाक मारली तसा तो वळला. फळी वर ओढली गेली. दोर सुटला, आणि बोट आणि धक्का यांच्या मध्ये हिरवं पाणी दिसायला लागलं. आधी वीतभर.

तिच्या मुठीत ते छोटं मनगट होतं. गरम, जिवंत, नाडी उडत असलेलं. हे तरी आहे, तिनं मनात म्हटलं. कुणी काही म्हणो. हे मी धरलंय. हिला घरी नेईन, कोंडून ठेवीन, रोज सांगत राहीन, एक दिवस हिला आठवेल. ती गुडघ्यांवर बसली आणि तिनं लेकीचं तोंड आपल्याकडं वळवलं.

पोरगी तिच्याकडं पाहत नव्हती. तिचे डोळे पाण्यापलीकडं, कठड्यावर लागले होते, आणि दोन दिवसांत पहिल्यांदाच ते भरून आले होते. तरी ती नीट बोलली, मोठ्या माणसाशी बोलायला शिकवलेल्या शहाण्या मुलीसारखी.

"मावशी, हात सोडा ना. माझी आई चालली."

आजूबाजूचे लोक बघायला लागले होते. एका बाईनं पुढं येऊन विचारलं, काय झालं, पोर का रडतंय. धक्क्यावरचा शिपाईही उठला. काय सांगणार त्यांना? मनगटावर बोटांचे लाल वळ उठले होते. पोरीला दुखत असेल. बरोबरच होतं त्या सगळ्यांचं. दुसऱ्याचं लेकरू असं किती वेळ धरून ठेवायचं?

सेनिमनं हात सोडला.